कॉलेजचा उन्हाळा खातं कोण?

मे महिन्यातलं लग्न, यावल तालुक्यातलं गाव, दुपारी दीडची पंगत, वर तापलेले पत्रे आणि ताटात वरण-बट्टी. शेजारी नात्यातले एक दादा बसलेले, केळीचे बागायतदार. त्यांनी बट्टी कुस्करता कुस्करता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, तुमले काय, दोन महिने सुट्टी अन् पगार चालू! आमच्या केयीले सांगा बरं, सुट्टी घे म्हणून." पंगत हसली. समोर दुसऱ्या एका कॉलेजचे सर होते, ते लगेच तापले, आम्ही व्हेकेशनल स्टाफ, म्हणजे सुट्टी लागू असलेले कर्मचारी आहोत, हा आमचा हक्क आहे, तुम्हाला काय माहिती प्राध्यापकाचं काम. मग वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत तेच चाललं, एक म्हणे सुट्टी बंद करा, दुसरा म्हणे हात लावून दाखवा. मी गप्प बसले, कारण एकतर बट्टीवर नुकतंच तूप पडलं होतं आणि दुसरं म्हणजे दोघं ज्या सुट्टीवरून भांडत होते ती मी गेल्या कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलीच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत लोक मला कुठल्या पार्टीची म्हणूनच बघत बसतील. उन्हाळ्याची सुट्टी काढू नये. पण ती आज जशी आहे तशीच राहावी म्हणून कुणी मोर्चा काढला तर त्यातही मी नाही. कारण एकाच कॉलेजात, एकाच गेटच्या आत, उन्हाळे वेगवेगळे असतात. कायम प्राध्यापकाला पगारासकट सुट्टी (कागदावर), तासिका तत्त्वावरच्याला (जितके तास तितकेच पैसे) सुट्टी पण पगार नाही, आणि ऑफिसातला क्लार्क, लॅबमधला परिचर यांना पगार आहे पण सुट्टी नाही. भांडण चाललंय फक्त पहिल्याचं. बाकीचे ना सरांच्या हक्कात येतात ना दादांच्या टोमण्यात. मी सात वर्षं तासिकेवर काढली, आता कायम आहे, इतिहास शिकवते, म्हणजे दोन उन्हाळे अंगावर काढलेत आणि तिसरा रोज ऑफिसच्या खिडकीतून बघते. म्हणून म्हणते, सुट्टी किती दिवसांची हा वाद सोडा, ती कोणाच्या वाट्याला येते आणि तिच्यात काय भरलं जातं ते बोला.

आमच्याकडे दरवर्षी एप्रिलअखेर एक नोटीस फिरते, मथळा साधारण असा की शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी उन्हाळी सुट्टीतील संधी. यंदा त्यात नऊ मुद्दे होते, मी पेन घेऊन मोजले. रिफ्रेशर कोर्स (प्राध्यापकांची उजळणी), एक आठवड्याचा ऑनलाइन एफडीपी (शिक्षक प्रशिक्षण), नव्या अभ्यासक्रमाची कार्यशाळा, स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स असं करत सात मुद्दे शिक्षकांसाठी. आठवा होता नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिच्या एक्यूएआर या वार्षिक अहवालाची माहिती भरून देण्याचा, तो संधीत कसा बसला ते मला अजून कळलेलं नाही. आणि शिक्षकेतरांसाठी नववा, डेड स्टॉक तपासणी व जुन्या अभिलेखांचं वर्गीकरण. म्हणजे आमच्या केमिस्ट्री लॅबच्या परिचर नानांना उन्हाळ्यात संधी कसली, तर मोडक्या बाकांवर नंबर टाकायची. बरं, शिक्षकांच्या सात मुद्द्यांतला एक खरोखर सोन्यासारखा होता, तीन विज्ञान अकादमी मिळून जी समर रिसर्च फेलोशिप देतात ती. दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन नावाजलेल्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, विद्यार्थ्यांनाही मिळते आणि शिक्षकांनाही. पण तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच घेतात. एप्रिलमध्ये ती नोटिशीत टाकणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आमच्या फिजिक्सच्या तरुण सरांनी वेबसाइट उघडून बघितली आणि काही न बोलता मोबाईल खिशात ठेवला.

राहिलं रिफ्रेशर. पूर्वी प्राध्यापकांना शिकवणारी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज असायची, १९८७ पासूनची योजना ती, तिकडे तीन-चार आठवडे प्रत्यक्ष जाऊन राहावं लागायचं, होस्टेलची खोली, मेसचं जेवण, शेजारच्या खाटेवर दुसऱ्या राज्यातला कोणीतरी. माझ्या मॅडम सांगायच्या की वर्गात काय शिकवलं ते विसरले पण रात्री गच्चीवर ज्या गप्पा झाल्या त्यातून पीएचडीचा विषय मिळाला. मग त्यांची नावं बदलली, एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं) झाली, आणि सप्टेंबर २०२३ पासून मालवीय मिशन. आता बहुतेक कोर्स ऑनलाइन, दोन आठवड्यांचे. पैसा वाचतो, लहान मूल असलेल्या बाईला घर सोडून जावं लागत नाही, हे मान्यच आहे. पण माझं गेल्या मे महिन्यातलं चित्र ऐका. गच्चीवर सासूबाई आणि मी बिबड्या करतोय, ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात तीळ, लसूण, मिरची, गरम गरम ओल्या धोतरावर थापायचं, थंड झालं की थापलं जात नाही आणि ऊन वर आलं की पाय भाजतात, म्हणून हे सगळं नऊच्या आत उरकायचं असतं, त्या दिवशी उरकलं नाही. दहाला सेशन. मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला, कॅमेरा ऑन ठेवायचा नियम म्हणून चेहरा तेवढा फ्रेममध्ये, माइक म्यूट, हात पिठात. पलीकडे कोणीतरी स्लाइडी वाचत होतं. शेवटच्या पाच मिनिटांत चॅटमध्ये हजेरीची लिंक पडते, ती बंद व्हायच्या आत भरली नाही तर दिवस गेला, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या लिंकवर, "सर लिंक टाका", "मॅम माझी लिंक ओपन होत नाही". मी एका बोटाचं पीठ पदराला पुसून फॉर्म भरला. त्या दिवशीचा विषय होता संशोधनातील नैतिकता. सर्टिफिकेट आलं, ए ग्रेड.

हे मी स्वतःची लाज काढून सांगतेय, कारण दादांचा पहिला मुद्दा खोडून काढायच्या आधी तो किती खरा आहे हे कबूल केलं पाहिजे. मे महिन्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गरम वाऱ्याने केळीची पानं करपतात, बागेभोवती शेवरीचा नाहीतर गजराज गवताचा आडोसा करावा लागतो, नाहीतर नेट लावावं लागतं, ड्रिप एक दिवस चुकलं तरी घड मार खातो आणि लाइट रात्रीची असेल तर मोटर चालू करायला रात्री दोनला जावं लागतं. तो माणूस कराच्या रूपाने, फीच्या रूपाने माझ्या पगारात काहीतरी घालतोच की. त्याला माझी सुट्टी खुपली तर त्यात त्याचं काय चुकलं? दुसरा मुद्दा त्याहून झोंबणारा. आमच्यातल्या किती जणांनी सुट्टीचं सोनं केलं? क्लासेस चालवणारे, प्लॉटिंगचे व्यवहार करणारे, विम्याची फाइल घेऊन फिरणारे प्राध्यापक प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. ज्यांनी संशोधन केलं म्हणावं त्यांनीही पैसे भरून कुठल्या तरी जर्नलमध्ये पेपर छापून आणले, मग यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मान्य जर्नलची यादी, केअर लिस्ट, काढावी लागली, आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. आणि तिसरं, लोकांची आठवण लांब असते. २०१३ साली एमफुक्टोने, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता, मागण्या खऱ्या होत्या, पण ज्या घरातलं पोरगं टी.वाय.ला होतं त्या घरात आजही प्राध्यापक म्हटलं की आधी तेच निघतं.

एवढं सगळं मान्य करून मग दादांना मी एकच विचारेन. तुमचं पलीकडचं कपाशीचं शेत आहे ना, ते मे महिन्यात नांगरून उघडं टाकता, ढेकळं उन्हात तापू देता, तेव्हा ते शेत रिकामं बसलंय आणि फुकट खातंय असं कोणी म्हणतं का? उलट ज्याने घाई केली आणि मे महिन्यातच कपाशी लावली त्यालाच कृषी खातं ओरडतं, त्यासाठी बियाण्याची विक्रीही काही काळ रोखून धरतात, कशासाठी, तर मधे शेत मोकळं राहिलं तरच गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटतं. सलग पीक घेतलं की अळीला खायला बारा महिने मिळतं. आमच्या धंद्यातली बोंडअळी म्हणजे पिवळ्या पडलेल्या नोट्स. जो मास्तर वर्षभर तास, परीक्षा, तास, परीक्षा करत राहतो आणि ज्याला नवं पुस्तक हातात धरायला सलग महिना मिळत नाही तो दहा वर्षांपूर्वीचीच वही उघडतो, आणि त्याचा तोटा सुट्टी बंद करणाऱ्या सरकारला नाही, दादांच्याच पोरीला होतो. तेव्हा मोकळा वेळ हा मास्तरच्या कामाचाच भाग आहे, बक्षीस नाही, हे मला ठामपणे वाटतं. बक्षीस म्हणून मागायला गेलात तर दादा बरोबर आहेत.

आणि ही गोष्ट खानदेशाला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १९१६ मध्ये अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. हे शेठजी गिरणीचे मालक, भोंगा, पाळी, किती चात्या चालल्या, किती सूत निघालं, हा त्यांचा रोजचा हिशेब. त्या माणसाने माणसं आणून ठेवली आणि सांगितलं, तुम्ही विचार करा. त्यांना शिष्यवृत्ती दिली, राहायला जागा दिली. कलकत्त्याचे के. सी. भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तीसच्या दशकात तिथे संचालक होता, अमळनेरहून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं, साने गुरुजीही प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर व्हायच्या आधी काही काळ तिथे होते. गिरणीच्या मालकाला कळलं होतं की सुताचं काम पाळीत मोजता येतं आणि विचाराचं येत नाही, ते आज आमच्या बायोमेट्रिकवाल्यांना का कळू नये? सुट्टीत सगळ्यांनी रोज येऊन अंगठा द्या, बसायला काम नसलं तरी चालेल, असे आदेश मी स्वतः पाळलेत, पंखा चालू नसलेल्या स्टाफरूममध्ये आठ जण एकमेकांचे मोबाईल बघत बसलेले.

दुसरं उदाहरण तर चक्क उन्हाळ्याचंच आहे. १९३२ चा फेब्रुवारी ते जून, धुळ्याचं जेल. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, धुळ्याचा तो उन्हाळा, ती दगडी भिंत, आणि त्यातून जे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं ते आजही घरोघरी आहे. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, मॅडम, म्हणजे चांगलं काम करायला जेलमध्येच जावं लागतं का? हसू आलं पण प्रश्न नेमका होता. जेलमध्ये त्यांना जे मिळालं ते म्हणजे मधे कोणी उठवायला येणार नाही असा वेळ. आता कोणी म्हणेल इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना कोणी सुट्टी दिली होती? गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा केली, १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले, पुढच्याच वर्षी धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, ना पगार ना रजा. खरं आहे. पण राजवाड्यांना संसार नव्हता आणि नॅकही नव्हतं. एका वेड्या माणसाच्या त्यागावर तीन जिल्ह्यांतल्या शेकडो प्राध्यापकांची व्यवस्था उभी करता येत नाही. ज्यांना राजवाडे हवेत त्यांनी निदान त्यांच्या मानेवर कोणी जू ठेवू नये एवढं तरी बघावं.

जू म्हणते त्याचं कारण सांगते, कारण पंगतीतल्या सरांनाही हे नीट मांडता आलं नाही. ते हक्क हक्क करत बसले. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये यूजीसीच्या हिशेबाने शिकवण्याचे १८० दिवस, म्हणजे तीस आठवडे. परीक्षा एप्रिल-मे मध्ये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावायचा आहे, आणि लावलाच पाहिजे, पोरांचं पुढचं ॲडमिशन त्यावर अडलेलं असतं. मग पेपर तपासायचे कधी? सुट्टीतच. पूर्वी इकडचे पेपर पुणे विद्यापीठाचे, १९९० मध्ये जळगावला स्वतःचं विद्यापीठ झालं, आता बहिणाबाईंचं नाव आहे त्याला, जळगाव, धुळे, नंदुरबार एवढं कार्यक्षेत्र, त्यामुळे अंतर कमी झालं हा फायदाच. पण कॅपच्या, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून पेपर तपासायच्या, सेंटरवर गठ्ठे तेच, लाल पेन तेच, आणि कूलरमधलं पाणी दुपारी बाराला संपतं तेही तेच. त्याच्या पाठोपाठ ॲडमिशन. बाहेरच्या लोकांना माहीत नसेल, पण ग्रामीण भागातल्या कॉलेजचे प्राध्यापक बारावीचा निकाल लागला की गावोगाव फिरतात, यादी घेऊन, दारात उभं राहून, "ताई, पोरीचं नाव आमच्याकडे घाला, बसपास काढून देऊ". विद्यार्थी कमी झाले तर वर्कलोड जातो, वर्कलोड गेला तर जागा जाते. शहादा-तळोद्याकडे तर पोरं आईबापांबरोबर बाहेरगावी कामाला गेलेली असतात, ती कधी परततात ते विचारायलाच दोन फेऱ्या होतात. मी पीएचडी झालेली बाई दुपारी तीनला एका ओट्यावर बसून माठातलं पाणी पिते आणि पोरीच्या आजीला सेमिस्टर म्हणजे काय ते समजावते, आणि खरं सांगू का, उन्हाळ्यातलं हेच एक काम मला मनापासून आवडतं. पण त्याला सुट्टी म्हणू नका ना.

नियमाने सुट्टीत काम केलं की त्याच्या एक तृतीयांश अर्जित रजा जमा होते, तीन दिवस राबा आणि एक दिवस खात्यावर. ती रजा तीनशे दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे सुट्टीतलं काम सरकारलाही माहीत आहे, नाहीतर हिशेब कशाला ठेवला असता? पण जी रजा वर्ष चालू असताना मागायला गेलं की "तास कोण घेणार" असं उत्तर मिळतं ती खात्यावर तीनशे काय तीन हजार असली तरी तिने पुस्तक वाचून होत नाही. मोकळा वेळ सुटा सुटा करून दिला की तो उरतच नाही. दुधाचं तसं असतं, एक शेर दूध चमच्याचमच्याने वाटलं तर कोणाचंच दही लागत नाही.

सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये यावर एक गमतीशीर उपाय केला, उन्हाळी सुट्टीचं नाव बदलून आंशिक कामकाजाचे दिवस असं ठेवलं, कारण लोकांचा हाच आक्षेप, न्यायाधीशांना एवढी सुट्टी कशाला. आमच्याकडेही कोणीतरी उद्या हे सुचवेल. नाव बदलल्याने टोमणे कमी होतील कदाचित. पण मला त्या उदाहरणात दुसरंच दिसतं. कोर्टाला सुट्ट्या असोत की सरकार उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी हलणं असो, ही साहेबाच्या काळची रीत आहे. मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं. साहेब गेला की फायली गेल्या, फायली वाहून नेणारे गेले, आणि जिथे साहेब मागे राहिला तिथे पंखा ओढणारा राहिला, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. त्या पंखेवाल्याला उकडतं का हा प्रश्न त्या काळात कोणाला पडला होता? आम्ही सुट्टीवर एवढे तावातावाने भांडतो, त्यात आमचा पंखेवाला कुठे आहे?

तो स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलेला असतो, त्याला सीएचबी म्हणतात. क्लॉक अवर बेसिस, तासाला पैसे. तास नाही तर पैसे नाहीत, आणि मे महिन्यात तास नसतात. माझ्या सात वर्षांतले उन्हाळे मी शिवणाच्या मशीनवर काढलेत, शाळेचे युनिफॉर्म, जून तोंडावर आलेला असतो त्यामुळे काम भरपूर. माझा एक सहकारी, सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा झालेला, पीएचडी झालेला, तो सावद्याच्या बाजूला एका केळी ग्रुपवर, म्हणजे केळी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे, रात्री ट्रक भरताना वजनाच्या पावत्या लिहायचा. एकदा त्याच्या वर्गातलाच एक विद्यार्थी घड घेऊन आला, म्हणाला "सर, तुम्ही इथे?" आणि सरांनी वजन लिहून पावती फाडून दिली, दुसरं काय करणार. त्या नोटिशीतल्या संधी त्याला नाहीतच का? कागदावर काही आहेत. पण पदोन्नतीचे पॉइंट त्याला नाहीत कारण पदच नाही, रिफ्रेशरला कॉलेजचं शिफारसपत्र लागतं आणि मे महिन्यात तो कॉलेजचा आहे की नाही हे कॉलेजलाच सांगता येत नाही, कारण त्याची नेमणूक संपलेली असते आणि नवी जुलै-ऑगस्टला, कधी त्याहून उशिरा. तरी कॅपला पेपर तपासायला माणूस कमी पडला की फोन त्यालाच, ॲडमिशनला गावं फिरायलाही तोच, कारण पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही हे ठरायचं असतं, नाही म्हणायची त्याची टाप आहे का? हक्काची सुट्टी म्हणणाऱ्या सरांना माझा प्रश्न एवढाच आहे की तुमच्या हक्काच्या सुट्टीत तुमचं काम कोण करतंय ते एकदा वळून बघा.

आणि नाना. नानांची गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे कारण शिक्षकेतर कर्मचारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर झोपलेला शिपाई येतो. त्यांना व्हेकेशन नाही, वर्षाच्या तीस अर्जित आणि आठ किरकोळ रजा, संपलं. मे महिन्यात कॉलेज बंद असतं म्हणजे काय असतं, तर नाना साडेदहाला कुलूप उघडतात, टाकी भरतात, झाडांना पाणी घालतात, ॲसिडच्या बाटल्या सावलीत सरकवतात आणि मग चौकशीच्या खिडकीत बसतात, कारण क्लार्क आत ॲडमिशनच्या पोर्टलमध्ये अडकलेला असतो. त्या क्लार्कचंही तेच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप, कॉलेजच्या कारभाराचं समर्थ पोर्टल, विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवायचे एबीसी आयडी, नवं शिक्षण धोरण (एनईपी) आलं तसे क्रेडिटचे नवे तक्ते, ही सगळी कामं त्याच्या टेबलावर येऊन पडली आणि एकही त्याला कोणी शिकवलं नाही. आमच्या क्लार्कने ते स्टँडजवळच्या सायबर कॅफेतल्या पोराकडून शिकून घेतलं, चहा पाजून. एका पोरीची स्कॉलरशिप एका चुकीच्या क्लिकमुळे वर्षभर अडकली होती, तिच्या वडिलांनी त्यालाच शिव्या घातल्या, आणि त्या दिवशी शिक्षकांसाठीच्या एका कार्यशाळेला आमच्या हॉलमध्ये पाहुणे, हार, नारळ, नाश्त्याला पोहे-जिलेबी. पोहे नानांनी वाढले. आता सांगा, उन्हाळ्यात ज्याला शिकवायची सगळ्यात जास्त गरज आहे तो माणूस कोण?

यावर मला स्टाफरूममध्ये उत्तर मिळालं की शिक्षकाच्या कामाची आणि क्लार्कच्या कामाची तुलना करू नका. करतच नाहीये मी. मास्तरला सलग मोकळा वेळ पाहिजे, क्लार्कला ठरवून दिलेलं प्रशिक्षण पाहिजे, तासिकेवरच्याला आधी पैसे पाहिजेत, मग बाकीचं. तिघांची गरज वेगळी आहे, म्हणूनच एकच नोटीस काढून तिघांना वाटेला लावता येत नाही. आणि पैसा कुठून आणायचा म्हणाल तर यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागतच नाही. कॅप आणि ॲडमिशनची पाळी आधीच लावा, प्रत्येक कायम प्राध्यापकाला चार आठवडे असे द्या की ज्यात फोनसुद्धा येणार नाही, आणि जुलैमध्ये त्याला विचारा काय वाचलंस, काय लिहिलंस, वर्गासमोर सांग. ज्याने प्लॉट विकले त्याला तिथेच घाम फुटेल, बायोमेट्रिकची गरज पडणार नाही. आमच्याच कॉम्प्युटर डिपार्टमेंटचे लोक आमच्याच क्लार्कना आठ दिवस शिकवू शकतात, लॅब रिकामी, मशीन रिकाम्या. तासिकेवरच्यांकडून मे-जूनमध्ये काम घेतलं तर ते लेखी घ्या आणि त्याचे पैसे द्या, नसेल द्यायचे तर फोन करू नका. याला मात्र सरकारचा निर्णय लागेल, रिक्त जागा भरण्याचा प्रश्न त्यात येतो, तो मी इथे काढत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल. आणि फेलोशिपची माहिती एप्रिलमध्ये नको, दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं की पहिल्या दिवशी बोर्डावर लावा.

हे सगळं मी दोन पानांत लिहून प्राचार्यांना दिलं. ते म्हणाले चांगलं आहे, रीतसर आवक करून द्या. ऑफिसात क्लार्क जेवायला गेला होता म्हणून नानांनीच रजिस्टर उघडलं, तारीख घातली, विषयाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, उन्हाळी सुट्टीबाबत. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं वाचलं, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. मग रकान्यात लिहिलं, सुट्टीबाबत व इतर. "इतर म्हणजे आमी ना मॅडम?" म्हणाले, शिक्का मारला आणि टाकी भरत आली का ते बघायला गच्चीवर गेले.